गोट्यांखालची राख

३ मार्च

सापडली.

छातीपर्यंत खड्ड्यात उतरले होते. वर गोटे — वाटोळे, गुळगुळीत, लाटांनी घासून घासून केलेले. त्यांच्याखाली बोटभर जाडीचा करडा पट्टा, चारही भिंतींवरून फिरलेला. चिमूटभर घेऊन दातांखाली धरली. करकर वाजली. काचेचा चुरा! चुलीतली राख अशी वाजत नाही. ही ज्वालामुखीच्या पोटातली.

खाली राख, वर गोटे. म्हणजे आधी राख पडली, आणि नंतर केव्हातरी सरोवराचं पाणी इथवर चढलं. आज तेच पाणी माझ्या पायांपासून अकरा मीटर खाली आहे. वर, खड्ड्याभोवती, नव्या वसाहतीच्या लाल खुंट्या ठोकल्यात. शाळा इथे, दवाखाना तिथे, बाकी सगळी घरं.

आता प्रश्न एकच. ही राख कुठली — थोरली की धाकटी?

थोरली म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी पडलेली. तीच असेल तर बाबांचं म्हणणं शाबूत. धाकटी म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीची. ती असेल तर पाणी इथे अकराशे वर्षांच्या आतच येऊन गेलं, आणि बाबांची रेघ चुकली.

बाबांची रेघ! आमच्या ऑफिसात शिरलं की पहिली तीच दिसते, चौकटीत लावलेली. दहा हजार वर्षांत सरोवर कधी चढलं, कधी उतरलं, त्याचा आलेख. बाबांनी चाळीस वर्षांपूर्वी काढला, शिंपल्यांतल्या कार्बनवरून त्यांची वयं मोजून. पुस्तकांत तोच, नकाशांत तोच, माझ्या परीक्षेच्या पेपरातही तोच होता. त्या रेघेप्रमाणे पाणी या पट्टीवर शेवटचं आलं ते चार हजार वर्षांपूर्वी. तेव्हा हवामानच वेगळं होतं, आता काही ते येत नाही. म्हणून तर खुंट्या.

नखांत अजून राख आहे. धुवावीशी वाटत नाही.

५ मार्च

सकाळी थेट चष्मेवालीकडे. आमच्या ऑफिसात मायक्रोस्कोप सांभाळते ती. चष्मा कपाळावर चढवते आणि मग दिवसभर शोधत फिरते.

थोरली आणि धाकटी एकाच ज्वालामुखीच्या, डोंगररांगेपलीकडच्या. सख्ख्या बहिणी. काचेचे कण दिसायला सारखेच. फरक एवढाच की धाकटीत काळं अभ्रक असतं, थोरलीत नसतं. सरोवराच्या मधोमध गाळात नळी घालून आम्ही या दोन्ही राखांचे थर बाहेर काढलेत, तिथे हा फरक स्वच्छ दिसतो.

चष्मेवालीनं बराच वेळ डोळा लावला. मग उठून मला जागा दिली. "बघ. आणि बसूनच बघ."

काळे, चकचकीत पापुद्रे. जिकडे तिकडे नाहीत, पण आहेत. एक, इथे दुसरा, त्या कोपऱ्यात आणखी.

धाकटी.

"घरी काय सांगणार?" तिनं विचारलं.

"दिसलं ते."

"आणि ते काय म्हणतील?"

ते काय म्हणतील हे मला पुरतं ठाऊक आहे. पंचेचाळीस वर्षं त्यांची मुलगी आहे मी.

६ मार्च

साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे आमच्या सर्वेक्षण कार्यालयाचे प्रमुख. वसाहतीची जागा पाण्यापासून सुरक्षित आहे असा दाखला त्यांच्या सहीनं जायचाय, आणि त्याचा मजकूर मी लिहायचाय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पेपरवेट टेबलावर फिरवत राहिले.

"वडील कसे आहेत?"

"बरे आहेत."

"सगळा दाखला त्यांच्या रेघेवर उभा आहे. आणि तुम्ही त्यांच्या कन्या. बरं दिसेल का हे?"

"राखेला माहीत नाही साहेब, मी कुणाची मुलगी ते."

"मॅडम, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"मी पाण्यात नाही. अकरा मीटर वर आहे. आणि पाणी तिथे येऊन गेलंय, एवढंच सांगतेय."

हसले नाहीत. म्हणाले, एक खड्डा आणि चिमूटभर राख एवढ्यावर शेकडो लोकांची घरं अडवता येत नाहीत. काचेचं रसायन मोजून आणा, मग बोलू. यात त्यांचं काही चुकलं नाही. अभ्रक ही खूण झाली, रसायन म्हणजे ओळखपत्र. पण एकेका कणाचं रसायन मोजणारं यंत्र आपल्याकडे नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो. मग पाठवा, म्हटलं. तर म्हणे, "त्याला दोन महिने लागतात. दाखला या महिन्यात जायला हवा."

म्हणजे पुरावा आणा, पण आणायला उसंत देणार नाही. वा रे न्याय.

दाखला लिहिणार नाही. बघू काय करतात.

९ मार्च

शिपाई पुन्हा निरोप घेऊन आला. लिहिणार नाही.

११ मार्च

दादाचा फोन. साहेबांनी त्याला गाठलंच. मला समजावता येत नाही म्हटल्यावर माझ्या भावाला!

दादा ओरडत नाही कधी. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बाबांना यातलं काही सांगायचं नाही," म्हणाला. "त्यांच्याजवळ आता काय उरलंय? आई गेली. गुडघे गेले. कॉलेजातली पोरं यायची ती बंद झाली. ती एक रेघ आहे. तिच्यावर टेकून उभे आहेत."

"आणि रेघच वाकडी असेल तर?"

"ते आहेत तोवर थांब. मग छाप काय छापायचं ते."

"म्हणजे ते जायची वाट बघू?"

मग म्हणाला, "तसं नव्हतं म्हणायचं मला."

तसंच होतं. पण त्याला तरी काय बोलू? त्यांच्या गोळ्या तो देतो, आंघोळीला हात तो धरतो, बीपी तो मोजतो. मी पंधरा दिवसांतून एकदा फळं घेऊन जाते आणि खडकांच्या गप्पा मारते. मलईवर मी, करपलेल्यावर तो.

तरीही. त्यांच्या पाठीमागे मी काही करणार नाही, आणि ते गेल्यावर तर मुळीच नाही. सांगायचं ते तोंडावर. ज्या माणसानं मला हातात हातोडी दिली त्याच्याशी चोरून वागू?

१३ मार्च

सांगितलं.

बाबा मागच्या खोलीत जुना पेपर पसरून मटार सोलत बसले होते. "काय गं गारगोटी, आज मधल्या वारीच?" लहानपणापासून मला तेच म्हणतात. आपटली की ठिणगी उडते म्हणून.

मीही खाली बसले. शेंगा सोलता सोलता सगळं सांगितलं. खड्डा, राख, वरचे गोटे. मधेच त्यांचे हात थांबले.

"अभ्रक बघितलंस?"

"बघितलं."

"शिंपले चार हजार सांगतात. एकच शिंपला नाही. मी पोतंभर मोजलेत."

"शिंपले वय वाढवून सांगतात, बाबा. सरोवराच्या तळाशी चुनखडीतून झरे येतात. त्यांच्या पाण्यात चुनखडीतला जुना कार्बन असतो. शिंपला आपलं कवच त्याच पाण्यातून बांधतो. जन्मतःच म्हातारा. आपण मोजलं की हजारो वर्षं जास्त दिसतात. तुम्ही काम केलंत तेव्हा आपल्याकडे हे कुणी धरत नव्हतं."

"मला शिकवतेस?"

"हो."

वहिनी दारात आली होती ती तिथेच थांबली. बाबांच्या हातात अर्धी उघडलेली शेंग. त्यांनी ती पुरी सोलली, दाणे भांड्यात, टरफल कागदावर. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जेवून जा. आणि परत येऊ नकोस."

जेवले. का नाही जेवायचं? अर्धे मटार मी सोलले होते. दादानं ताटातून मान वर केली नाही. बाबा खोलीतच राहिले. निघताना वहिनी फाटकापर्यंत आली. "बरं केलंस का वाईट, मला काही कळत नाही बाई. पण तुम्ही दोघं एकाच मातीची मडकी. एक फुटेस्तोवर दुसरं हलायचं नाही."

बसमध्ये रडले. खिडकीकडे तोंड करून, पण रडले. इथे लपवायचं कुणापासून?

शब्द मात्र मागे घेतला नाही. घेणारही नाही.

१७ मार्च

ऑफिसची जीप आजपासून मला मिळायची नाही. टेबल नकाशांच्या खोलीत हलवलं. एकच खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी. कारण विचारलं तर, "जागेची अडचण."

चष्मेवाली दुपारी डबा घेऊन माझ्या खोलीत आली. दार लावलं नाही. मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असं बसली. "इथे वारा नाही, पण कटकट पण नाही," म्हणाली. मग चष्मा शोधायला लागली. कपाळावर होता.

१९ मार्च

बसनं गेले, पुढे चालत. बघते तर खड्डा बुजवलेला! वरून रोलर फिरवलेला, सपाट. पहारेकरी म्हणाला, "मुलं पडतील म्हणून बुजवायला सांगितलं वरून." कुठली मुलं? इथे अजून एकही घर नाही.

त्याच्याकडूनच फावडं मागून घेतलं. बिचारा देऊ की नको करत होता. शेवटी म्हणाला, "मी चहा प्यायला जातो. मी काही बघितलं नाही."

जुन्या जागेच्या चार पावलं बाजूला नवा खणायला घेतला. रोलरखाली गेलेल्या मातीचा भरवसा नको. गोटे लागले तसा फावड्याचा खणखण आवाज यायला लागला. तळहातांना फोड आले. पेन धरवत नाहीये, अक्षर बघ कसं येतंय.

पण राख इथेही आहे. त्याच खोलीवर, तशीच बोटभर.

बुजवा. मला खणता येतं.

२२ मार्च

वहिनीचा फोन. साहेब काल स्वतः घरी आले होते, फुलं घेऊन. पुढच्या शनिवारी नगरभवनात वसाहतीसाठी जाहीर सभा आहे, लोकांच्या शंका असतील त्या तिथेच फेडायच्या. मुख्य वक्ते कोण? बाबा. रेघ समजावून सांगणार.

बाबांनी हो म्हटलं.

"कोट इस्त्रीला टाकलाय," वहिनी म्हणाली. मग जरा थांबून, "जेवत नाहीत धड. भिंग घेऊन गॅलरीत बसतात आणि कुंडीतली माती बघतात."

संध्याकाळी माझ्या टेबलावर कागद — सभेत ऑफिसच्या वतीनं बोलण्याची मला परवानगी नाही.

ठीक आहे. ऑफिसच्या वतीनं नाही बोलणार. लोकांत बसून हात वर करीन. बापाविरुद्ध लेक असा तमाशा होईल तर होवो. माझ्यामुळे नाही, ज्यांनी त्यांना माझ्यासमोर उभं केलं त्यांच्यामुळे. नाकापेक्षा मोती जड झाला म्हणतील. म्हणू देत. पाणी काही नाक-मोती बघून चढत नाही.

लिहितेय असं, पण त्यांच्या कोटाची बाही मला डोळ्यांसमोर दिसते. कोपराला विरलेली.

२५ मार्च

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

खड्ड्यात उतरून भिंत तासत होते. वर गाडी थांबल्याचा आवाज. आधी दादाचा चेहरा दिसला, घामाघूम. "मला काही बोलू नकोस. सकाळपासून डोकं खाल्लंय त्यांनी." त्याच्या मागून काठी. काठीच्या मागून बाबा.

माझ्याशी एक शब्द नाही. खड्ड्याच्या काठावर उभे राहून आत बघत राहिले. मग दादाला म्हणाले, "शिडी."

"बाबा, इथूनच बघा ना. ती दाखवेल वरून."

"राख वरून बघतात का? शिडी लाव."

ऐंशीला टेकलेला माणूस, गुडघ्यांचं हे असं. दादानं वरून काखेत धरलं, मी खालून पाय एकेका पायरीवर ठेवून दिले. त्यांच्या पावलाचं वजन माझ्या हातात आलं, किती कमी झालंय! खाली पोचल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी थापी दिली.

माझी तासलेली भिंत त्यांनी बघितलीच नाही. शेजारी, हातभर सोडून, स्वतः नवीन भिंत तासली. हळूहळू, वरून खाली, जशी मला शिकवली होती तशी. वाकले. भिंग डोळ्याला, डोळा राखेला. किती वेळ गेला कोण जाणे. दादा वर काठावर उकिडवा बसला होता.

"पाणी," बाबा म्हणाले.

मी बाटली पुढे केली. ती पिण्यासाठी नव्हतीच. चिमूटभर राख तळहातावर घेऊन त्यांनी ती पाण्यानं धुतली, काचेचा हलका भाग वाहून जाऊ दिला, उरलं ते उन्हात धरलं. मलाही दिसलं. हाताच्या रेषेत अडकलेला काळा पापुद्रा, लखलखणारा.

गोटे बघितले. बोटांनी एकेक चाचपले. राखेत वरून काही घुसलंय का, बीळ, मूळ, भेग — सगळं तपासलं. मग पुन्हा तोच हात पुढे, आता शिडीसाठी.

वर गेल्यावर दादाला म्हणाले, "गाडी काढ."

आणि गेले. माझ्याकडे बघितलंही नाही. मी खड्ड्यातच उभी, हातात थापी. काही पटलं की नाही, काय समजायचं? रागच आला मला. एवढं येऊन, एवढं बघून, एक "हं" सुद्धा नाही!

२८ मार्च

उद्या सभा. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून बघितलं. आवाज कापतो. कापू दे. कापऱ्या आवाजातही खरं तेच ऐकू जातं.

२९ मार्च

हात वर करावाच लागला नाही.

सभागृह खचाखच. भिंतीला टेकून बायका, मांडीवर मुलं. पुढच्या रांगेत साहेब, पडद्यावर बाबांची रेघ. बाबा इस्त्रीच्या कोटात उठले. माईक त्यांना उंच झाला, दादानं जाऊन खाली केला.

"ही रेघ माझी," म्हणाले. "चाळीस वर्षं तुम्ही ती मानलीत. त्याबद्दल आभार. या ठिकाणी ती चुकली आहे."

सभागृहात कुणाला कळेना हे काय चाललंय. साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"मी मंगळवारी खड्ड्यात उतरलो होतो. माझ्या मुलीला तिथे राख सापडली आहे. अकराशे वर्षांपूर्वीची. तिच्यावर लाटांचे गोटे आहेत. मी शिंपल्यांवर भरवसा ठेवला. शिंपल्यांनी मला फसवलं असं म्हणणार नाही. जे विचारायला हवं होतं ते मी त्यांना विचारलं नाही. पाणी पुन्हा तिथे कधी येईल, मला सांगता येणार नाही. सांगता येत नाही तोवर तिथे घरं बांधू नका."

खिशातून पेन काढलं, टेबलावर आलेखाचा कागद होता त्यावरची रेघ खोडली, खाली सही केली, बसले.

मग एकच गलका. साहेब उठून काहीतरी बोलत होते, ऐकू येत नव्हतं. शेवटी नगराध्यक्षांनी जाहीर केलं: काम थांबवा, नमुने तपासायला पाठवा, निकाल येईपर्यंत दाखला नाही.

जिंकले. असंच वाटलं मला. उंच उडी मारावीशी वाटली, सभागृहात, पंचेचाळिसाव्या वर्षी!

बाहेर पायऱ्यांवर एका बाईनं अडवलं. कडेवर मूल. "तुम्हीच ना राखवाल्या? तुमच्या डोक्यावर छप्पर आहे?"

"आहे."

"आम्ही सहा जणं एका खोलीत. पावसात तीही गळते. अकराशे वर्षं म्हणता. माझ्या पोराला घर यंदा हवंय."

मी म्हटलं, वरच्या उतारावर जागा आहे, तिथे बांधा असं मी स्वतः लिहून देईन.

"लिहा," ती म्हणाली. "लिहिणारे पुष्कळ आहेत."

 

आणि बाबा? गाडीत बसताना काच खाली केली. "आवाज बसलाय तुझा. मध-बिध घे काहीतरी." झालं. एवढंच. मी घरी येऊन ते वाक्य कितीदा म्हटलं कुणास ठाऊक.

३१ मार्च

नमुने मीच भरले, मीच बांधले, मीच पाठवले. पुडीवर माझी सही.

साहेब जिन्यात भेटले. "तुम्ही वडिलांना वापरलंत, मॅडम," म्हणाले. फुलं घेऊन त्यांच्या घरी मी गेले होते का?

१२ एप्रिल

टेबल परत जुन्या जागी आलं. जीपही. साहेब मला बघितलं की फोन कानाला लावतात. भिंतीवरची चौकट उतरवलीय, तिथे भिंत जास्त पांढरी दिसते. तिकडे बघायचं टाळते मी. का, ते माहीत नाही. मीच तर उतरवायला लावली.

वरच्या उतारावरचं काम सुरू केलंय. त्या बाईला लिहून देते म्हटलं होतं. पण लिहिण्याआधी जमीन बघायला हवी, खडक बघायला हवा. चष्मेवाली रविवारी माझ्याबरोबर येते. तिथे वसाहत बसू शकते. थोडी चढण पडेल एवढंच. पहिला नकाशा काल पालिकेत देऊन आले. घेणारा म्हणाला, "हे कुणी मागितलंय?" म्हटलं, मी.

२० एप्रिल

बाबा आज माझ्या घरी आले. स्वतःहून, आई गेल्यानंतर पहिल्यांदा! दादा सोडून गेला. आल्या आल्या माझी पुस्तकांची मांडणी चुकीची आहे म्हणून सांगितलं, मग ती बदलायला बसले.

नवीन रेघ काढायला घेतलीय आम्ही. राखेच्या थरांवरून. थोरली इथे, धाकटी इथे, मधले गाळ असे, गोटे तसे. भांडतो. दोनदा त्यांनी पेन्सिल आपटली, एकदा मी. दुपारी भात कच्चा राहिला तरी दोघांनी खाल्ला.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?" विचारलं मी शेवटी. "सभेत?"

"वाटलं ना," म्हणाले. "रात्रभर. मग सकाळी लक्षात आलं, आता मला परत काम आहे."

दादा न्यायला आला तेव्हा बाबा जायला तयार नव्हते. दादानं माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी हसला. "बीपी बघितलंस का यांचं? माझ्यापेक्षा चांगलं आहे."

ज्यांनी ज्यांनी मला गप्प बस म्हटलं त्या सगळ्यांना आज हे घर दाखवावं असं वाटलं. बघा म्हणावं. म्हातारा मोडला का? मोडला?

७ मे

रसायनाचा कागद सांगितल्यापेक्षा लवकर आला. माझ्या पुडीतले तपासले तेवढे सगळे कण थोरलीचे. धाकटीचा एकही नाही. साडेचार हजार वर्षं. म्हणजे बाबांची रेघ बरोबर होती, आणि मी त्यांना भर सभेत ती खोडायला लावली.

तशीच त्यांच्याकडे गेले. वाचून दाखवलं. मी चुकले, म्हटलं, उद्या लेखी देते.

त्यांनी कागद दोनदा वाचला आणि परत दिला. "थोरलीची जुनी राख उतारावरून वाहून येते, धाकटीत मिसळते. पण थोरलीत नसतं ते अभ्रक कुठून आलं, हे यात कुठे लिहिलंय? मी माझी रेघ डोळ्यांनी बघून खोडली. तू तुझी कागद बघून खोडणार?"

आणि दादाला हाक मारली — गाडी काढ, खड्ड्यावर जायचंय.